खिंडीपलीकडच्या ओळी

आमच्या ऑफिसात तिला सगळे झेरॉक्सताई म्हणायचे. हे नाव पडायला तिचा मामा कारण. एकदा तो तिला भेटायला आला आणि दारावरच्या शिपायाला म्हणाला, "माझी भाची इथं कॉप्या काढते." शिपायानं त्याला अदबीनं तळमजल्यावरच्या झेरॉक्स मशीनसमोर नेऊन बसवलं. मामा तिथं बराच वेळ बसला, येणाऱ्याजाणाऱ्याला भाचीबद्दल विचारत. त्या दुपारपासून ताईचं खरं नाव फक्त ओळखपत्रावर उरलं.

मामाचं तसं काही चुकलं नव्हतं. ती कॉप्याच काढायची, फक्त कागदाच्या नव्हे.

आमचं ऑफिस म्हणजे अँब्युलन्सचं नियंत्रण केंद्र. मी तिथं फोन घ्यायचे. कानाला हेडफोन, समोर स्क्रीन. फोन आला की नाव, पत्ता, काय झालंय ते टाइप करायचं आणि जवळच्या गाडीला निघायला सांगायचं. हे सगळं ज्या डेटाबेसात जायचं त्याला आम्ही नुसतं 'मुख्य' म्हणायचो. मुख्यकडून आम्हाला एका वेळी एकच ओळ हवी असायची, पण ती पापणी लवायच्या आत. वरच्या मजल्यावर विश्लेषण विभाग होता. त्यांना सगळ्या वर्षांच्या सगळ्या ओळी एकदम लागायच्या. कुठल्या भागातून किती फोन येतात, गाडी पोचायला किती वेळ लागतो, कुठं गाडी कमी पडते. असला प्रश्न त्यांनी मुख्यला विचारला की मुख्य त्यातच गुंतायचा, आमच्या स्क्रीनवरचं चाक गोल गोल फिरत राहायचं आणि फोनवरचा माणूस आमच्या आईबापाचा उद्धार करायचा. म्हणून त्यांच्यासाठी वेगळा डेटाबेस होता, अशा अवजड प्रश्नांना पुरून उरणारा. मुख्यमधली टेबलं दिवसभर थोडी थोडी करून त्या दुसऱ्या डेटाबेसात पोचवायची, हे ताईचं काम.

ताईचा जीव मुळातच थाऱ्यावर नसायचा. चहा प्यायला खाली आली तरी एक डोळा मोबाइलवर. कप अर्धा ठेवून उठायची, जिन्यापर्यंत जायची, परत यायची. तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा, भलता शांत माणूस. तो म्हणायचा, "आमच्याकडं झिजलेली दोरी बदलतात. हिला नव्या दोरीच्या काळजीनंपण झोप लागत नाही."

काळजी करण्यासारखं तसं काही दिसत नव्हतं. कॉपी करणारा प्रोग्राम तिच्या आधीच्या माणसानं लिहिलेला होता आणि वर्षानुवर्षं बिनबोभाट चालला होता. दर थोड्या वेळानं तो मुख्यला विचारायचा, 'मी मागच्या खेपेला अमुक वेळेपर्यंतचे फोन नेले होते, आता त्यानंतरचे दे.' मुख्य द्यायचा, हा न्यायचा. सावधगिरी म्हणून तो दर खेपेला एक दिवस मागंही बघायचा, म्हणजे उशिरा नोंदलेला एखादा फोन सुटायला नको. ताईनं त्यात आणखी टेबलं जोडली, पण पद्धत तीच ठेवली.

त्या वर्षी विश्लेषण विभागातल्या चष्मेवालीनं एक अहवाल केला. ही नुकतीच लागलेली मुलगी, हुशार, आणि कामाला चोख. गाड्या कमी होत्या आणि शहराच्या नव्या वस्तीतून फोन वाढत चालले होते. कुठली गाडी हलवता येईल ते शोधायला तिला सांगितलं होतं. तिनं शोधलं. डोंगरातल्या खिंडीपलीकडं आमचं एक केंद्र होतं. दोन खोल्या, एक गाडी, एक चालक आणि एक नर्स. नर्स पुरुष होता, त्याला सगळे ब्रदर म्हणायचे. अहवालात लिहिलं होतं की ही गाडी बहुतेक वेळ उभीच असते. केंद्र बंद करून गाडी नव्या वस्तीत आणावी. आमच्या सेवेच्या प्रमुख, म्हणजे मोठ्या मॅडम, यांनी तो तत्त्वतः मान्य केला आणि अंतिम बैठकीची तारीख लावली.

ताईचा मामा खिंडीपलीकडंच राहायचा. मामी गेल्यापासून एकटा. मधमाश्या पाळायचा. घरामागच्या उतारावर त्याच्या पेट्या ओळीनं मांडलेल्या. अहवालाचं कळलं तेव्हा ताई मला म्हणाली, "मामाला सांगायला हवं. पण काय सांगू? आकडेच तसे आहेत."

"मग?"

"मग काही नाही. पण मला ते आकडे बघवत नाहीत. का ते कळत नाही."

बैठक व्हायच्या आधीच मामाचं ते झालं. माश्या त्याला आयुष्यभर चावत आल्या होत्या, त्याचं त्याला काही वाटायचं नाही. त्या सकाळी एकदम तीन-चार मानेला डसल्या. तो हात धुवायला घरात आला तर ओठ सुजले, जीभ जड झाली, श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. त्यानं आम्हाला फोन केला नाही. तिकडं कोणीच करायचं नाही. केंद्रातल्या जुन्या फोनचा नंबर गावात सगळ्यांना पाठ. त्यानं तो फिरवला, पण तोंडातून शब्द निघेना, नुसता घरघर आवाज. पलीकडून ब्रदर म्हणाला, "मधवाले काका का? फोन ठेवू नका, आम्ही निघालो." गाडी आली, ब्रदरनं दारातच मांडीत इंजेक्शन दिलं, आणि खिंड ओलांडून मामाला शहरातल्या मोठ्या रुग्णालयात आणलं. डॉक्टर ताईला म्हणाले, गाडीला आणखी थोडा उशीर झाला असता तर आम्ही काही करू शकलो नसतो.

मामा बरा होऊन ताईच्या घरी राहायला आला. दुसऱ्या दिवसापासून त्याची भुणभुण सुरू. "माझ्या पेट्या तिकडं वाऱ्यावर आहेत. मला सोड."

"मामा, तुला पुन्हा चावली तर?"

"इंजेक्शन दिलंय ना डॉक्टरांनी खिशात ठेवायला. आणि गाडी आहेच की तिथं."

ताईनं विषय बदलला. गाडी तिथं राहणार नाही हे त्याला सांगायचा धीर तिला होत नव्हता.

ऑफिसात आल्यावर तिनं मामाची ओळ शोधली. कशाला, तर गाडी निघाल्यापासून किती वेळात पोचली ते तिला बघायचं होतं. भीती ओसरल्यावर माणूस असलं काहीतरी उकरत बसतो. तिच्यासमोर विश्लेषणाचा डेटाबेस उघडा होता, त्यात तिनं बघितलं. ओळ नव्हती. तिला वाटलं, ब्रदरनं अजून नोंदवलं नसेल. दोन-चार दिवस गेले, पुन्हा बघितलं. तरी नव्हती. मग तिनं मुख्यमध्ये बघितलं. तिथं मामा होता. वय, पत्ता, 'कीटकदंश, श्वास घ्यायला त्रास', गाडीची वेळ, सगळं.

हे तिनं मला नंतर सांगितलं, जिन्यात उभं राहून, कठडा घट्ट धरून. एका टेबलात माणूस आहे आणि त्याच टेबलाच्या कॉपीत तो नाही. तो एकटाच सुटला, की आणखी कितीतरी?

तिनं ब्रदरला फोन लावला.

"ब्रदर, तुम्ही कॉल कधी नोंदवता?"

"टॅब केंद्रावरच असतो, रुग्णाला सोडून परतलो की लगेच टाकतो, ताई. पण इकडं रेंज कुठं आहे? तो टॅबमध्येच बसून राहतो. ऑक्सिजनचे सिलिंडर बदलायला आम्ही खाली बाजारात उतरतो ना, तेव्हा टॅब बरोबर घेतो, तिथं रेंज आली की सगळं एकदम वर जातं."

"आणि सिलिंडर कधी बदलता?"

"संपले की. आठवडा, कधी त्याहून जास्त. का, काही चुकलं का आमचं?"

"तुमचं काही नाही चुकलं," ताई म्हणाली.

फोन ठेवून ती तशीच बसून राहिली, आणि ती बसून राहिली हेच मला विचित्र वाटलं. कोडं सुटलं होतं. ब्रदरच्या नोंदी मुख्यमध्ये पोचायच्या आठवड्यानं, पण त्यांच्यावर वेळ असायची खरी, म्हणजे आठवड्यापूर्वीची. तोवर कॉपीचा प्रोग्राम ती वेळ ओलांडून कधीच पुढं गेलेला. एक दिवस मागं बघायचा, पण आठवडाभर मागं कोण बघतो? त्या ओळी मुख्यमध्ये आल्या आणि तिथंच राहिल्या. गाडी खिंड चढत-उतरत होती, आणि वरच्या मजल्याला ती उभी दिसत होती.

तिनं आधी चष्मेवालीला गाठलं. त्या मुलीचं तोंड उतरलं. "ताई, मी तीनदा तपासलं होतं."

"तुझं गणित बरोबरच आहे गं. मीच तुला अर्धवट आकडे दिले. चल, मॅडमकडं."

मोठ्या मॅडम मूळच्या डॉक्टर. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला. "म्हणजे मागच्या वर्षी आपण नदीकाठचं केंद्र बंद केलं, तेही याच आकड्यांवर?"

ताईनं मान हलवली.

"ते नंतर बघू," मॅडम म्हणाल्या. "आधी मला बैठकीच्या आत खरे आकडे द्या. आणि एक. खाली फोन घेणाऱ्यांना याची झळ लागता कामा नये."

झळ लागलीच. मी स्वतः साक्षीला आहे. ताईनं ठरवलं, जुनी कॉपी पुसून सगळं टेबल पहिल्यापासून नव्यानं न्यायचं. तिनं दुपारची निवांत वेळ निवडली. मी एका बाईचा फोन घेत होते, तिचा नवरा न्हाणीघरात घसरून पडला होता. पत्ता टाकला, आणि चाक फिरायला लागलं. फिरतंय, फिरतंय. शेजारणीच्या स्क्रीनवर तेच, तिच्या पलीकडं तेच. मी त्या बाईला म्हणत होते, "हो ताई, पाठवतेय, त्यांना हलवू नका," आणि चाक फिरतच होतं. शेवटी मी हेडफोन एका कानावरून सरकवून जिन्याच्या दिशेनं ओरडले, "अगं, कोण काय करतंय वर? बंद करा!"

ताई जिन्यावरच होती. ती पायऱ्या न मोजता परत धावली आणि काम तोडलं. स्क्रीन सुटल्या. गाडी वेळेत गेली, पण ताई त्यानंतर माझ्या नजरेला नजर भिडवेना. संध्याकाळी निघताना माझ्यापाशी आली. "त्या बाईच्या नवऱ्याचं काय झालं?"

"कंबर मोडलीय. पण जिवाला धोका नाही."

"माझ्यामुळं किती वेळ गेला?"

"ते मोजू नकोस," मी म्हणाले. मला माहीत होतं, ती मोजणार.

मग तिनं निराळ्या वाटेनं घेतलं. मुख्य पडलाच तर त्याच्या जागी उभा राहायला एक राखीव सर्व्हर होता. त्याच्याकडं सगळा माल तोच, पण आमचे फोन त्याच्यावर नव्हते. जुन्या ओळी तिनं तिथून आणल्या, तुकड्यातुकड्यानं, एका वेळी एकेक महिना. आणि पुढच्यासाठी वेळ विचारायची पद्धतच सोडून दिली. मुख्य काहीही करण्याआधी, काय करतोय ते एका लॉगमध्ये उतरवत असतो. नवी ओळ आली, जुनी बदलली, एखादी पुसली, ज्या क्रमानं घडलं त्याच क्रमानं. ताईचा नवा प्रोग्राम तो लॉग वाचायचा आणि तसंच पलीकडं करायचा. ब्रदरचा फोन आठवड्यापूर्वीचा असो नाहीतर महिन्यापूर्वीचा, मुख्यमध्ये तो ज्या क्षणी शिरला त्या क्षणी लॉगमध्ये येणार म्हणजे येणार.

"आता निवांत झालीस ना?" मी विचारलं.

"कसली निवांत! आधीचा प्रोग्राम मेला तर फक्त कॉपी मागं पडायची. हा वाचतो कुठपर्यंत, त्याची मुख्यमध्ये एक खूण असते. खुणेपुढचा लॉग मुख्य पुसत नाही, जपून ठेवतो. माझा वाचणारा कुठं अडकला, की तो लॉग फुगत जाणार. डिस्क भरली की मुख्य बंद. म्हणजे तुम्ही सगळ्या बंद."

"अगं मग कशाला केलंस असं?"

"दुसऱ्या कुठल्या पद्धतीनं खरी कॉपी मिळत नाही," ती म्हणाली, आणि कप अर्धा ठेवून उठली.

बैठक झाली. नव्या कॉपीत खिंडीपलीकडच्या ओळी आल्या होत्या, आणि गाडी उभी राहते म्हणायला काही जागा उरली नव्हती. चष्मेवालीनं स्वतः उभं राहून स्वतःचा अहवाल मागं घेतला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. नव्या वस्तीला गाडी हवी होती ती हवीच होती, आणि ती कुठून आणायची यावरून बरीच तणातणी झाली. शेवटी मॅडमनी खिंडीपलीकडचा निर्णय थोडे महिने पुढं ढकलला. तोवर नव्या कॉपीवर लक्ष ठेवायचं आणि पुन्हा बसायचं. नदीकाठच्या केंद्राचे जुने आकडेही ताईनं तपासून दिले. तिथंही ओळी सुटल्या होत्या, पण थोड्या. निर्णय चुकला होता की बरोबर होता, ते त्यावरून छातीठोक सांगता येईना. ताईला ते जास्त लागलं. नुसतं चुकलं असतं तर तिला परवडलं असतं.

मामानं मात्र घरात बसून सगळ्यांना भंडावून सोडलं होतं. ताईच्या मुलीच्या अभ्यासाच्या खोलीत तो फेऱ्या मारायचा. खिडकीवर एखादी माशी बसली की तिच्याशी बोलायचा. शेवटी ताईनं हात टेकले आणि एका सुटीच्या दिवशी त्याला पोचवायला गेली. नवऱ्यानं गाडी चालवली. वाटेत ती केंद्रावर थांबली, कारण इतके दिवस ज्याच्या ओळी चाळल्या ते ठिकाण तिनं पाहिलंच नव्हतं.

केंद्र म्हणजे पत्र्याच्या छपराखाली उभी गाडी, धुतलेली, मागचं दार उघडं. ब्रदर आत ड्रिपच्या नळ्या नीट लावत होता. मामाला बघून हसला. "काका, माश्यांना माफ केलं वाटतं?"

ते बोलत उभे असतानाच एक म्हातारी, हाताला फडकं गुंडाळलेल्या नातवाला घेऊन आली. नातवाचा अंगठा विळ्यानं कापला होता. ब्रदरनं तिथंच बाकावर बसवून जखम धुतली, टाके घातले, पोराला दोन गमती सांगितल्या आणि पाठवून दिलं.

"हे टॅबवर टाकलं नाहीत?" ताईनं विचारलं.

"हे काय टाकणार? फोन नाही, गाडी हलली नाही. टॅबमध्ये असला पर्यायच नाही. फोनवरून आलेला तेवढाच रुग्ण."

"असे किती येतात?"

ब्रदरनं खांदे उडवले. "दार उघडं असतं. लोक येतात."

परतीच्या वाटेवर नवऱ्यानं गाणी लावली, तिनं बंद केली. "इतकी मरमर करून मी मुख्यची हुबेहूब कॉपी केली," ती अखेर म्हणाली, "आणि मुख्यलाच माहीत नाही."

"मग मुख्यला सांग," नवरा म्हणाला.

तिनं सांगितलं. टॅबचं सॉफ्टवेअर करणाऱ्या टीमच्या मागं लागून तिनं नवा पर्याय मागितला, 'दारावर आलेला रुग्ण'. ते हो म्हणाले आणि विसरले. ती आठवण करत राहिली. विसरलेले लोक एक दिवस अचानक जागे झाले आणि काम करून मोकळे झाले. तिला सांगायचं मात्र राहून गेलं.

तो दिवस नेमका दुसऱ्या बैठकीच्या आदला. ताईनं सकाळची सुटी टाकली होती. मुलीनंच तिला दामटून केस रंगवायला पाठवलं होतं, म्हणे उद्या चार लोकांत बोलायचंय, जरा बरी दिसशील. डोक्यावर रंग थापून झाला होता आणि पार्लरवाली म्हणाली होती, आता हलायचं नाही. तेवढ्यात मोबाइल वाजला. लॉग फुगतोय. तिनं बघितलं, वाचणारा अडकला होता. थोड्या वेळानं पुन्हा वाजला. डिस्क भरत चालली होती, आणि भरण्याचा वेग भलताच होता.

ती आमच्या मजल्यावरून गेली तेव्हा मी बघितलं. डोक्याला पार्लरचा टॉवेल, कानाशी तपकिरी ओघळ, अंगावर ती प्लॅस्टिकची झूल. कोणी हसलंसुद्धा नाही, असा चेहरा होता तिचा. मुख्यला हात लावायची परवानगी फक्त ऑफिसातल्या मशीनवरून होती, नाहीतर ती पार्लरमध्येच बसली असती.

माझ्याकडं त्या क्षणी फोन नव्हता. मी तिच्या मागं गेले.

काय झालं होतं ते तिला लगेच दिसलं. टॅबवाल्यांनी फोनच्या टेबलाला एक नवा रकाना जोडला होता, 'रुग्ण कसा आला'. मुख्यमध्ये तो होता, कॉपीत नव्हता. वाचणारा नवी ओळ घेऊन जायचा, पलीकडं रकानाच नाही म्हणून परत यायचा, पुन्हा जायचा, पुन्हा परत. वरून त्या लोकांनी वर्षानुवर्षांच्या प्रत्येक जुन्या ओळीत 'फोन' हा शब्द भरायला घेतला होता. लाखो ओळी बदलत होत्या आणि प्रत्येक बदल लॉगमध्ये जमा होत होता.

तिनं कॉपीत रकाना जोडला. वाचणारा सुटला, हळूहळू वाचायला लागला. टॅबवाल्यांना फोन केला, त्यांचा माणूस जेवायला गेलेला. आम्ही दोघी डिस्कचा आकडा बघत होतो. वाचणारा पळत होता, पण लॉग त्याच्यापुढं पळत होता.

"आता?" मी विचारलं.

"खूण काढून टाकली की मुख्य तो सगळा लॉग पुसेल. जागा मोकळी होईल."

"मग काढ ना!"

"मधलं सगळं सुटेल. कॉपी भरवशाची राहणार नाही. पुन्हा पहिल्यापासून न्यावं लागेल. उद्या बैठक आहे."

खाली कोणाचा तरी फोन वाजला आणि कोणीतरी तो उचलला. आम्हाला तिथवर ऐकू आलं. "बोला, काय झालंय?"

ताईनं खूण काढली.

मला वाटलं होतं ती रडेल. महिनोन्महिने एकेका ओळीवर जिनं जीव पाखडला, तिनं एका झटक्यात सगळं सोडून दिलं होतं. पण तिनं फक्त डिस्कचा आकडा खाली येईपर्यंत बघितलं, कपाळावरचा रंग टॉवेलला पुसला आणि वरच्या मजल्यावर फोन लावला. "चष्मेवाली, ऐक. कॉपी गेली. उद्याला आकडे नाहीत. नाही, अर्धे पण देऊ नकोस. मॅडमना मी सांगते."

मॅडम चिडल्या, पण त्यांचा राग टॅबवाल्यांवर जास्त होता. बैठक पुढं गेली. ताईनं पुन्हा राखीव सर्व्हरवरून एकेक महिना आणला. या खेपेला तिनं तीन गोष्टी मागून घेतल्या. लॉग ठरावीक मापाबाहेर फुगला की खूण आपोआप सुटावी, तिच्यासाठी थांबू नये. टेबलाला हात लावण्याआधी तिला सांगितल्याशिवाय कोणी काही करू नये. आणि दर सकाळी, केंद्रागणिक, मुख्यमधले आणि कॉपीतले आकडे शेजारी शेजारी चष्मेवालीच्या स्क्रीनवर यावेत. "माझ्या नव्हे," ती म्हणाली. "मी बघीनच. पण माझ्याशिवाय कोणीतरी बघायला हवं." केस मात्र अर्धे लालसर, अर्धे काळे असेच बरेच दिवस राहिले. लेक रोज कपाळाला हात लावायची.

पुढं बैठक झाली तेव्हा खिंडीपलीकडच्या केंद्रापुढं 'दारावर आलेले' असा नवा रकाना होता आणि तो चांगला भरलेला होता. केंद्र बंद करायचा विषय निकालात निघाला. नव्या वस्तीला गाडी मिळायला मात्र पुढचं वर्ष उजाडलं, आणि तोवर तिथल्या लोकांनी काय सोसलं ते आम्ही फोनवर रोज ऐकत होतो. मामा पेट्यांजवळ परत रमला होता. तोंडावर जाळी, मानेला पंचा आणि खिशात इंजेक्शन. ताई रोज फोन करायची. तो उचलायचा नाही, कारण हातात माश्या असायच्या.

नदीकाठचं काय करायचं, हे मॅडमनी बैठकीत नाही काढलं. काही आठवड्यांनी त्या स्वतः ताईच्या टेबलाशी आल्या. "तू म्हणालीस, सांगता येत नाही."

"हो. नाही येत."

"मग एक गाडी तिथं ठेवून बघू, काही महिने. यावेळी सगळं मोजून."

त्या गाडीला पहिला फोन मीच दिला. एका शाळेच्या रखवालदाराच्या छातीत दुखत होतं. मी पत्ता टाकला, गाडी निघाली. मागं वळून बघते तर ताई उभी.

"पोचली?"

"अगं, आत्ता तर निघालीय."

ती वर गेली. मी पुढचा फोन घेतला, त्याच्या पुढचा घेतला. थोड्या वेळानं जिन्यावर तिची चाहूल लागली.

"पोचली," मी तिच्याकडं न बघताच म्हणाले. "रखवालदार बोलतोय, रुग्णालयात नेताहेत."

"नक्की ना?"

"नक्की."

"आणि टॅबवर टाकलं त्यांनी?"

मी हेडफोन काढला आणि तिच्याकडं बघत राहिले. तिलाही हसू आलं, पण ती तिथून हलली नाही.